घरी फायटिंग गेमसाठी स्टिक: कुठली घ्यायची, काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

आमच्या नाशिकच्या सिडकोत लहानपणी एक गाळा होता, शटर अर्धं खाली, आत चार मशिनी, एक रुपयाला एक कॉईन. मुस्तफा आणि किंग ऑफ फायटर्स ९७ या दोन मशिनींभोवती एवढी गर्दी की खेळणारा एक आणि मागून अक्कल शिकवणारे सहा. (मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण ते खरं नाव त्या गाळ्यात कुणाच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.) लिव्हर ढिली, गोळा गुळगुळीत झालेला, दोन बटणं मेलेली, तरी हात तिथेच बसला. आता वीस-पंचवीस वर्षांनी स्ट्रीट फायटर ६ नाहीतर टेकन ८ घेतलेले लोक विचारतात, "भो, स्टिक घ्यायची आहे, कुठली घेऊ?" (स्टिक म्हणजे गाळ्यातल्या मशिनीसारखी लिव्हर आणि बटणं लावलेला, घरच्या पीसीला नाहीतर कन्सोलला जोडायचा डबा.) प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधी एक कडू गोष्ट. स्टिक घेतल्याने तुम्ही जिंकायला लागणार नाही. २०१४ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ जिंकणारा फ्रान्सचा लफी पहिल्या प्लेस्टेशनच्या साध्या पॅडवर, म्हणजे दोन हातांत धरायच्या कंट्रोलरवर, खेळत होता, म्हणजे बघा. उलट पॅडवरून स्टिकवर आलात तर पहिले तीन-चार आठवडे तुम्ही आधीपेक्षा वाईट खेळणार, स्ट्रीट फायटरमधला हाडोकेनसारखा साधा डाव निघणार नाही, चिडचिड होणार. ते मान्य असेल तरच पुढे वाचा, नाहीतर पैसे वाचवा आणि पॅडवर खेळा, त्यात कमीपणा काही नाही.

पहिलं काम: बसायची जागा ठरवा

सगळे लिव्हर कुठली, बटण कुठलं यापासून सुरुवात करतात आणि मला विचाराल तर तिथेच चुकतात, कारण हाताला आधी कळतो तो डबा, पार्ट नंतर. तुम्ही दिवाणावर मांडी घालून खेळता, खुर्चीत बसून मांडीवर ठेवून खेळता, की टेबलावर? मांडीवर ठेवणार असाल तर डबा रुंद आणि जड हवा, दोन-अडीच किलोच्या खाली असला की टेकनमध्ये एकदा जोरात डॅश मारला की डबाच डावीकडे सरकतो. टेबलावर ठेवणार असाल तर उंची बघा, जाड डबा टेबलावर ठेवला की मनगट वर मोडतं आणि तासाभरात दुखायला लागतं.

हे फुकटात तपासता येतं. घरात जेवायला बसायचा जुना लाकडी पाट असेलच, तो मांडीवर घ्या, डावा हात मुठीत काहीतरी धरल्यासारखा आणि उजवी चार बोटं पसरून दहा मिनिटं बसा, टीव्ही बघत बसा हवं तर. खांदे वर चढत असतील तर रुंदी किंवा उंची चुकतेय. मी माझा पहिला डबा याच मापावरून बनवला, आई आजही म्हणते की माझा पाट बाद केला तू.

डबा हलका आलाच तर खाली किचनच्या ड्रॉवरमध्ये घालतात ती जाळीची रबरी मॅट कापून चिकटवा. आतमध्ये रिकामी जागा असेल तर लोखंडी पट्टी टाका, फक्त ती वायरींना लागणार नाही अशी घट्ट बसवा.

दुसरं: लिव्हर हवी की नुसती बटणं

लिव्हरलेस म्हणजे ज्यात चारही दिशांना बटणंच असतात, लिव्हरच नाही. तुम्ही आजवर कीबोर्डवर खेळत आला असाल तर गुपचूप तिकडे जा, हात आधीच तयार आहे, शिवाय बनवायला सोपं आणि स्वस्त. एकच गोष्ट लक्षात ठेवा, डावं आणि उजवं एकाच वेळी दाबलं तर काय व्हावं याची सेटिंग असते, तिला एसओसीडी म्हणतात, ती न्यूट्रलवर ठेवा म्हणजे दोन्ही एकमेकांना रद्द करतात. उद्या कुठे स्पर्धेला गेलात तर वाद नको.

लिव्हर हवी असेल तर तीन घराणी आहेत. जपानी म्हणजे सानवाची जेएलएफ, सेमित्सूची एलएस-३२, होरीची हायाबुसा, वर गोळा असतो, आत स्प्रिंग, हलक्या हाताने चालते. कोरियन लिव्हरमध्ये स्प्रिंगच्या जागी रबर असतं, सोडली की फटकन मध्ये येते, टेकनवाले तिच्यावर जीव टाकतात. तिसरी अमेरिकन, वर गोळ्याऐवजी लांबट मूठ, दणकट पण खाली खूप खोल डबा लागतो. आपल्या गल्लीतल्या जुन्या मशिनींची सवय म्हणून काही जण अमेरिकन शोधतात, मी म्हणेन नवीन असाल तर जेएलएफ किंवा तिच्या मापाचं काहीही घ्या, कारण त्याच मापात सगळे सुटे भाग मिळतात. बास, यावर जास्त डोकं लावू नका.

तिसरं: तयार घ्यायची की बनवायची

तयार घेणार असाल तर खोक्यावरचा ड्रॅगन बघू नका, तीन गोष्टी बघा. बटणांची भोकं ३० एमएमची आहेत का, खालचं झाकण साध्या स्क्रूने उघडतं का, आणि लिव्हरची प्लेट जेएलएफला बसते का. मेफ्लॅश एफ३०० चं नाव सगळे घेतात ते यामुळेच, आतले पार्ट साधे आहेत पण नंतर सानवा टाकता येतात. एटबिटडूची स्टिक पीसी आणि स्विचसाठी छान. क्वानबा ऑब्सिडियनमध्ये सानवा आधीच बसवलेली येते पण किंमत तशीच. परदेशातून मागवताना कस्टम ड्युटी आणि कुरिअरवाल्याचे वरचे पैसे धरूनच हिशोब करा, नुसती डॉलरची किंमत बघून खुश होऊ नका.

आणि कन्सोल. पीसीवर जवळजवळ सगळं चालतं. प्लेस्टेशनवर तसं नाही, ज्या बोर्डला (बोर्ड म्हणजे बटणं कन्सोलला कळवणारं आतलं सर्किट) सोनीच्या मशीनला आपली ओळख पटवता येत नाही तो पीएस४ वर बरोबर ८ मिनिटांनी डिस्कनेक्ट होतो, तिसऱ्या राउंडच्या मधोमध. पीएस५ त्याहून नखरेल. म्हणून "यूएसबी आहे म्हणजे चालेलच" असं समजून घेऊ नका, तुमच्याकडे जे मशीन आहे त्याचं नाव खोक्यावर लिहिलंय का ते वाचा.

बनवायची ठरवली तर नाशिकसारखं गाव नाही, हे मी गंमत म्हणून म्हणत नाहीये. सातपूर आणि अंबडला लेझर कटिंग, शीट मेटल, पावडर कोटिंग हे सगळं हाकेच्या अंतरावर. फक्त त्यांना एक नग करून द्या म्हणालात तर आधी तुमच्याकडे बघतात. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर जा, ड्रॉइंग पेनड्राइव्हवर नीट माप घालून न्या, "दादा, उरलेल्या तुकड्यातून काढून द्या" म्हणा, होतं काम. पहिल्यांदाच करताय तर मात्र लोखंड नको, १२ एमएम प्लाय आणि ओळखीचे सुतारकाका पुरेत.

चौथं: डबा आणि भोकं

बटणांची मांडणी नेटवर फुकट मिळते, व्ह्यूलिक्स नावाची शोधा, आठ बटणांची, दोन ओळी थोड्या वाकलेल्या, बटणाच्या मध्यापासून शेजारच्याच्या मध्यापर्यंत साधारण ३६ एमएम. प्रिंट काढताना "अ‍ॅक्चुअल साईज" निवडा. मी कॉलेज रोडला झेरॉक्सच्या दुकानात काढली, त्याने नेहमीच्या सवयीने पानात बसवून दिली, मी न मोजता प्लायवर चिकटवून भोकं पाडून घेतली आणि बटणं बसवायला गेलो तर कडा एकमेकांना टेकायला लागल्या, एक अख्खा प्लाय वाया. प्रिंट हातात आली की पट्टी लावून ३६ मोजा, मगच घरी या.

भोकं बटणांना ३० एमएमची, स्टार्ट-सिलेक्टला २४ ची, लिव्हरचा दांडा यायलाही २४ चालतं. सुतारकाकांकडे ३० चा होल कटर असतो का विचारा, नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून तेवढा एक घ्या, पुढेही लागतो. खालून टाकाऊ फळी धरून भोक पाडा नाहीतर प्लायच्या खालच्या थराचे ढलपे उडतात. मग पॉलिश पेपर.

लिव्हर मात्र १२ एमएम प्लायला नुसती खालून स्क्रू केली की दांडा वर आखूड पडतो, गोळा प्लायला चिकटल्यासारखा दिसतो. त्यासाठी जिथे लिव्हरची प्लेट बसते तेवढा भाग खालून पटाशीने खोल करून घ्यावा लागतो, निम्मी जाडी काढली तरी फरक पडतो. सुतारकाका हे एका हाताने करतात, मला अर्धा दिवस लागला होता. आणि जाड प्लाय म्हणून बटणं स्क्रू-इन घ्या, सानवाच्या भाषेत ओबीएसएन, मागून चाकी फिरवून घट्ट होतात. ओबीएसएफ ही नुसती दाबून बसणारी, तिचे कान पातळ पत्र्यात धरतात, जाड लाकडात धरत नाहीत. डब्याची आतली खोली दोन इंचाच्या वर ठेवा, वायरींना जागा लागते.

वरच्या चित्रासाठी २ एमएम ॲक्रिलिक आणि खाली व्हिनाईल प्रिंट. हे फ्लेक्सवाल्याकडे करून मिळतं, निवडणूक आणि दादांचे वाढदिवस सोडून कधीही जा.

पाचवं: वायरिंग, इथे सगळे घाबरतात

ऑनलाइन जे स्वस्त किट मिळतं, लिव्हर, बटणं आणि "झिरो डिले" नावाचा बोर्ड, त्यातला बोर्ड चालतो पण नावावर जाऊ नका, डिले थोडा असतोच. त्यापेक्षा रास्पबेरी पाय पिको नावाचा छोटा बोर्ड घ्या, चारेकशे रुपयांच्या आसपास मिळतो, आणि त्यावर जीपी२०४०-सीई नावाचं फुकट फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाका. पिकोवरचं पांढरं बटण, बूटसेल लिहिलेलं, दाबून ठेवत यूएसबी लावायची, पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यात फर्मवेअरची फाइल कॉपी केली की झालं. मला वाटलं होतं प्रोग्रॅमिंग करावं लागेल, काही नाही.

विजेचा विचार सोपा आहे. प्रत्येक बटणाला दोन पाय असतात. सगळ्या बटणांचा एकेक पाय एकाच वायरने माळेसारखा जोडत जायचा आणि ती माळ पिकोच्या ग्राउंडला. उरलेला पाय प्रत्येकाचा वेगळा, आपापल्या पिनला. वर जीपी२, खाली जीपी३, उजवं जीपी४, डावं जीपी५, पुढे बटणं जीपी६ पासून. हा जीपीचा नंबर आणि पायाचा अनुक्रमांक वेगळा असतो हां, जीपी२ म्हणजे कोपऱ्यापासून मोजला तर चौथा पाय. पहिल्यांदा सगळे इथे फसतात, मीही फसलो. बोर्डाच्या मागे छापलेलं वाचा आणि तेच धरा.

बटणाच्या पायाला थेट सोल्डर मारू नका, प्लास्टिक वितळून बटण आतल्या आत अडकतं. वायरीच्या टोकाला फिमेल लग (पायावर सरकवून बसवायची पत्र्याची टोपी) दाबून लावा आणि सरकवा, उद्या बटण बदलायचं तर दोन सेकंदात निघतं. गोची एकच, जपानी बटणांना २.८ एमएमचे लग लागतात आणि गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात हमखास ६.३ चे मिळतात, ते ढिले बसतात आणि ऐन वेळी निसटतात. एमजी रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मायक्रोस्विचचे बारीक लग असं सांगून मागा, बटण खिशात घेऊन जा, तिथेच लावून बघा. तिथे नाहीच मिळाले तर ऑनलाइन तयार वायरिंग येतं, लग लावलेलं, थोडं महाग पडतं पण डोकं शांत राहतं.

लिव्हरची पाच वायरींची पट्टी येते, एक ग्राउंड आणि चार दिशा. रंगावर विश्वास ठेवू नका, लिव्हर कुठल्या बाजूने बसवली त्यावर वर-खाली बदलतं. मल्टीमीटर बीपवर ठेवा, लिव्हर एकेका दिशेला ढकला, कुठली वायर बीप करते ते कागदावर लिहा, मग जोडा.

जोडून झालं की गेम लावायची घाई नको. विंडोजमध्ये विंडोज आणि आर दाबून जॉय डॉट सीपीएल टाका, तिथे प्रत्येक बटण पेटतंय का बघा. पिकोची सेटिंग बदलायची तर स्टार्ट दाबून ठेवत यूएसबी लावा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ उघडा, आकडे अर्थातच इंग्रजीत. एसओसीडी पण तिथेच.

आता माझी फजिती ऐका म्हणजे तुमचे दोन दिवस वाचतील. पहिली लिव्हर मी ऑनलाइन कुणाकडून तरी घेतलेली, जेएलएफसारखी दिसणारी. सगळं जोडलं, वर-खाली-डावं-उजवं पेटतं, तिरकं काही येईना. पुढे उडी नाही, हाडोकेन नाही. मी म्हटलं बोर्ड गेला. दोन संध्याकाळी वायरी उपटल्या, परत लावल्या, पिको दुसरा आणला, तेच. शेवटी लिव्हर हातात घेऊन उलटी केली, दांडा हळूच तिरका ढकलला तर तो कोपऱ्यात जातच नव्हता, भिंतीला अडत होता. लिव्हरच्या खाली चौकोनी खिडकीसारखी प्लास्टिकची प्लेट असते, तिला गेट म्हणतात, ती ४५ अंशात फिरवली की लिव्हर फक्त चार दिशांची होते, जुन्या पॅकमॅनसारख्या गेमसाठी ती सोय असते. विकणाऱ्याने ती तशीच फिरवलेली पाठवली होती. कान दाबून प्लेट काढली, फिरवली, टक करून बसवली, झालं. दुसरा पिको अजून ड्रॉवरमध्ये पडून आहे.

सहावं: बदल करायचे तर एकावेळी एकच

नवीन माणूस स्टिक आली की पहिल्याच आठवड्यात अष्टकोनी गेट मागवतो, कारण चौकोनाच्या कोपऱ्यात लिव्हर अडकते असं वाटतं. थांबा. ती अडकत नाही, तुम्ही कडेला घासत फिरवताय. जेएलएफला भिंतीपर्यंत न्यायची गरजच नसते, स्विच त्याच्या आधीच टिक करतो, तो टिक ऐकला की परत फिरायचं. हलक्या हाताने धरा, मधलं बोट आणि अनामिका यांच्यामध्ये खालून दांडा, किंवा वरून गोळ्यावर अंगठा आणि दोन बोटं, जे जमेल ते, मूठ आवळू नका. महिनाभर चौकोनीच ठेवा. त्यानंतरही कोपरा नडत असेल तर बदला.

स्वस्त किटमध्ये माझ्या मते पहिले पैसे लिव्हरवर घालावेत. बटण थोडं जड असलं तर बोट जुळवून घेतं, पण लिव्हरचं तिरकं कधी लागतं कधी नाही असं असेल तर चूक आपली की लिव्हरची तेच कळत नाही आणि शिकणंच थांबतं. चांगली जेएलएफ टाकली की मग बटणं, आणि तीही आधी फक्त जास्त वापरातली चार बदला, स्टार्टचं बटण सानवाचं असून काय करायचंय.

जेएलएफ ढिली वाटते अशी तक्रार बहुतेक सगळ्यांची असते, तिच्यावर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे जाड स्प्रिंग. कृती अशी. गोळा काढा, दांड्याच्या खालच्या टोकाला खाच असते, तिथे चपटा स्क्रूड्रायव्हर धरायचा आणि वरचा गोळा उलटा फिरवायचा. गेट काढा, स्विचची हिरवी पट्टी उचलून घ्या. आता दांड्याला खाली एक बारीक चकतीसारखी ई-क्लिप दिसेल, अ‍ॅक्चुएटर (दांड्यावरचा, स्विच दाबणारा प्लास्टिकचा भाग) अंगठ्याने खाली दाबून धरायचा म्हणजे क्लिपवरचा ताण जातो, मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्लिप बाजूला सरकवायची. ही क्लिप उडते. उडतेच. कपाटाखाली जाते आणि परत सापडत नाही, म्हणून हे सगळं पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा, वेड्यासारखं दिसतं पण चालतं. स्प्रिंग बदलली की उलट्या क्रमाने लावा, सरकत्या भागांना सिलिकॉन ग्रीस अगदी मोहरीएवढं, खोबरेल तेल नाही, दारातलं करकर थांबवायचं तेल तर नाहीच.

आवाजाचं म्हणाल तर फ्लॅटमध्ये रात्री खेळणाऱ्यांना हा खरा प्रश्न आहे. रात्री दीडला बाहेरून "अरे काय टकटक चाललीय, खालचे काका परवाच बोलले" असं ऐकू आलं की कॉम्बो तिथेच सुटतो. सानवाची ओबीएसएफएस ही सायलेंट बटणं येतात, आतमध्ये मऊ पॅड असतात, आवाज बराच कमी होतो. स्वस्तात करायचं तर डब्याच्या तळाला आतून जाड फेल्ट चिकटवा, पोकळ डबा ढोलकीसारखा वाजतो ते थांबतं. निम्मा आवाज बटणाचा नसतोच, डब्याचा असतो.

आणि स्टिक लॅग करतेय, म्हणजे दाबलेलं उशिरा लागतंय, असं वाटलं तर तिला शिव्या द्यायच्या आधी टीव्हीचा गेम मोड ऑन आहे का ते बघा. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद, आणि गेम मोड बंद असलेला टीव्ही एकटाच कितीतरी फ्रेम खातो. माझ्याकडे स्टिक दाखवायला आणलेल्या दोन जणांचा प्रॉब्लेम रिमोटच्या एका बटणाने सुटला, एकाचा त्याच्या आधी बोर्ड बदलून झाला होता.

सराव फायटकेडवर, म्हणजे जुन्या गेम पीसीवर ऑनलाइन खेळायच्या प्रोग्रॅमवर, जुन्या गेम लावून करा, फुकट आहे आणि किंग ऑफ फायटर्सवाले तिथे रात्रंदिवस सापडतात. नव्या गेममध्ये ट्रेनिंग मोडला इनपुट डिस्प्ले चालू ठेवा, तुम्ही खाली, तिरकं, पुढे असं दाबताय असं वाटतं आणि स्क्रीनवर तिरकं गायबच असतं.

पावसाळ्यात स्टिक खिडकीजवळ ठेवू नका, लगांवर हिरवट थर येतो. आणि ई-क्लिप मागवताना दोन जास्तीच्या मागवा, झाकणाच्या आत चिकटपट्टीने चिकटवून ठेवा, कारण पिशवीत हात घालायचा कंटाळा करून "एकदा बाहेरच करून बघू" असं तुम्ही म्हणणारच आहात.